सातवी खुंटी कापू नका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी आम्ही ओझरची पाच-सहा माणसं कुणाच्या तरी घरी जमतो. नियम एकच, प्रत्येकानं येताना एक वाद्य आणायचं. ते वाजलंच पाहिजे असं नाही. तार तुटलेली असली, तबली उकललेली असली तरी चालेल. बहुतेक गिटारीच असतात, कारण आम्हा सगळ्यांना तरुणपणी नाद लागला तो गिटारीचाच. पण कधी मेंडोलिन येतं, कधी कुणाच्या आत्याचं बुलबुलतरंग येतं. पोहे होतात, चहा होतो आणि मग वाद्य हातोहाती फिरतं. ज्याला जे ठाऊक असेल ते त्यानं सांगायचं.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका बैठकीला आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या सूनबाई आल्या. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी आणि चादरीत गुंडाळलेली एक गिटार.

"काका, ही सासऱ्यांची. ट्रेनिंगला रशियात गेले होते तेव्हा आणलेली. हिला आता गिटारच्या क्लासला घातलंय. पण ह्या गिटारीला सात खुंट्या आहेत आणि क्लासचे सर म्हणतात, सहा तारांचीच हवी. शिवाय तारा इतक्या वर आहेत, की पोरीची बोटं दाबतच नाहीत. ही सातवी खुंटी कापून, जरा खाली करून मिळेल का? तुम्ही सगळे वर्कशॉपमधली माणसं."

खरं सांगायचं तर काम अर्ध्या तासाचं होतं. करवत होती, कानस होती, पॉलिशपेपर होता. आमच्यातल्या एकानं गिटार हातात घेऊन "होऊन जाईल" असं म्हटलंही. पण ते काम आम्ही केलं नाही. का केलं नाही, तेच आज सांगायचं आहे.

आमच्या गावाची ओळख आधी करून देतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल. मुंबई-आग्रा रस्त्यावर, बाणगंगेच्या काठी वसलेलं हे गाव. इथे १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला आणि सोव्हिएत परवान्यानं मिग-२१ विमानं बनू लागली. नोकरीसाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं आली. वसाहतीत एका जिन्यावर मराठी, त्याच्या समोर मल्याळी, वरच्या मजल्यावर बंगाली. त्यांच्या पेट्या-वळकट्यांबरोबर त्यांची वाद्यंही आली.

विमानाच्या कामात एक शिस्त अंगात मुरते. विमानाचं लॉगबुक असतं. कोणता भाग कधी बसवला, किती तास उडाला, कुणी उघडला, काय बदललं, सारं त्यात नोंदलेलं. काढलेल्या भागाला टॅग लागतो. आणि पहिला धडा हा, की एखादी गोष्ट चुकीची दिसली म्हणून लगेच हत्यार लावायचं नाही. आधी ती तशी का केली आहे, ते शोधायचं. पुष्कळदा ती चूक नसतेच. तिचं कारण आपल्याला माहीत नसतं, इतकंच.

तर त्या गिटारीच्या पोटात आम्ही बॅटरीचा झोत टाकला आणि दात तपासायचा असतो तसा छोटा आरसा आत घातला. आत पिवळी पडलेली चिठ्ठी होती, रशियन लिपीत छापलेली. आमच्यातल्या एकाला नोकरीत रशियन कागदपत्रं वाचावी लागत. त्यानं अक्षरं लावली. लेनिनग्राडचा, लूनाचार्स्की यांच्या नावाचा वाद्यांचा कारखाना. खाली किंमतही छापलेली, रूबलमध्ये. सोव्हिएत मालावर किंमत अशी कारखान्यातच छापून येई. त्या लेनिनग्राडला १९९१पासून पुन्हा सेंट पीटर्सबर्ग म्हणतात. म्हणजे गिटार त्याआधीची, एवढं तर चिठ्ठीनंच सांगितलं.

आणि सात खुंट्या? ती कारखान्याची चूक नव्हती. रशियात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून सात तारांचीच गिटार रुजलेली होती. आंद्रेई सिख्रा या वादकानं तिच्यासाठी ढीगभर रचना केल्या, शिष्य तयार केले. पुढे १९२६ साली स्पेनचे आंद्रेस सेगोव्हिया रशियाच्या दौऱ्यावर गेले, तेव्हापासून तिकडे सहा तारांच्या गिटारीचं वजन वाढत गेलं. तरीही घराघरांत, गाण्याच्या मैफलींत सात तारांची टिकून राहिली. व्लादिमीर व्हिसोत्स्की हा त्यांचा लाडका कवी-गायक १९८० साली वारला. तो सात तारांचीच गिटार घेऊन गात असे.

फरक फक्त एका जास्तीच्या तारेचा नाही. ती लावायची रीतच निराळी आहे. आपल्या नेहमीच्या गिटारीच्या सहा मोकळ्या तारा एकदम छेडल्या, तर त्यातून सुरेल असं काही निघत नाही. बोटांनी पडदे दाबावे तेव्हा स्वरमेळ बनतो. रशियन गिटारीत मोकळ्या ताराच मेळात लावलेल्या असतात. आपल्या भाषेत सांगायचं, तर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत प, सा, ग, प, सा, ग, प. कुठेही बोट न ठेवता हात फिरवला, की भरलेला सूर उमटतो. सातवी तार कापली असती, तर ह्या रचनेचा पायाच गेला असता, आणि उरलेली गिटार ना रशियन राहिली असती, ना नेहमीची झाली असती.

राहिला प्रश्न उंच तारांचा. दांडी जिथे पोटाला जुळते तिथे मागच्या बाजूला एक छिद्र दिसलं आणि आत एक जाड स्क्रू. सोव्हिएत गिटारींची ही खास सोय. दांडी पक्की चिकटवलेली नसते, ह्या एका स्क्रूवर तोललेली असते. तो फिरवला, की दांडीचा कोन बदलतो आणि तारा खाली-वर होतात. तारा सैल करून आम्ही तो हळूहळू फिरवला. बाजारात मिळणाऱ्या सहा तारांच्या संचात एक सुटी तार घालून सात तारा चढवल्या, सूर लावला आणि गिटार त्या मुलीच्या मांडीवर ठेवली. तिनं तारांवरून नुसता हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. आई म्हणाली, "हे तर न शिकताच वाजतंय!" क्लाससाठी साधी गिटार घ्यायची आणि आजोबांची आहे तशीच ठेवायची, असं मायलेकींनी तिथेच ठरवून टाकलं.

मला हे सुचलं, त्यात माझा शहाणपणा काही नाही. उलट माझ्या हातून पूर्वी घडलेली एक चूक आहे.

माझ्या थोरल्या भावाकडे हवाईयन गिटार होती. शेजारी एक बंगाली बाबू राहत, त्यांनी सुट्टीहून येताना ती कोलकात्याहून आणून दिली आणि शिकवलीही. संध्याकाळी दादा ती मांडीवर आडवी घेऊन बसे. डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात गिटारीवरच्या सिनेगीतांच्या धून लागत, त्या तो ऐकून बसवायचा. दादा गेल्यावर बरीच वर्षं ती माळ्यावर पडून होती. मग एकदा मला वाटलं, दुरुस्त करून घ्यावी. मोठ्या शहरातल्या एका दुकानात घेऊन गेलो. कारागिराला म्हटलं, तारा फार वर आहेत त्या खाली करा आणि रंग उडालाय तो नवा मारा. त्यानं सांगितलं तसं केलं. गिटार चकचकीत झाली. घरी आणून दादाची कांडी तारेवर ठेवली, तर कांडी पडद्यांवर खडखडू लागली. सूर असा निघेचना.

हवाईयन गिटारीच्या तारा वर असतात, कारण त्या दाबायच्याच नसतात. खुंट्यांकडे जाताना तारा ज्या पट्टीवरून जातात तिला नट म्हणतात. हवाईयन गिटारीत हा नट मुद्दाम उंच ठेवतात, म्हणजे कांडी पडद्यांना न लागता तारेवरून घसरत जाते. पडदे हे फक्त जागा दाखवायला. तो नट घासून माझ्या गिटारीची अर्धी ओळखच गेली. नव्या रंगाच्या जाड थरानं उरलेली नेली. तबली जितकी मोकळी कंप पावेल तितका आवाज मोठा. तिच्यावर जाड रंग चढवला, की आवाज दबतो. चूक कारागिराची नव्हती. मी सांगितलं ते त्यानं केलं. हे वाद्य काय आहे, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला नव्हता.

तो प्रश्न विचारायला लागलो, तेव्हा केवढी कहाणी निघाली! हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलानं १८८९च्या सुमारास तारेवर धातूचा तुकडा घसरवून वाजवण्याची रीत बसवली, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्याच बेटांवर गेब्रियल डेव्हियन नावाचा भारतात जन्मलेला एक खलाशी त्याच्याही आधी तसं वाजवत असे, असंही सांगितलं जातं. आपल्याकडे विचित्रवीणेवर गुळगुळीत गोळा फिरवून मींड काढतातच, त्यामुळे त्या दाव्याची गंमत वाटते. सॅन फ्रान्सिस्कोत १९१५ साली भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर ह्या सुरानं अमेरिकेला वेड लावलं. हवाईयन कलावंतांचे संच जगभर फिरू लागले. टाऊ मो आणि त्यांचं कुटुंब तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यातच राहिलं. म्हणून ही गिटार बंगालमध्ये घरोघरी गेली. मुंबईच्या सिनेसंगीतात व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांनी ती गाजवली. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी तीच गिटार रागसंगीतात नेली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ची ध्वनिमुद्रिका पुष्कळांनी ऐकली असेल. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळवला. माझ्या माळ्यावर पडलेलं वाद्य ह्या घराण्यातलं होतं!

आम्हा धातूच्या माणसांना आणखी एका गोष्टीची मौज वाटते. पूर्वी वाद्यवृंदात गिटारीचा आवाज ऐकूच येत नसे. त्यावर अमेरिकेत स्थायिक झालेल्या जॉन डोपेरा या स्लोव्हाक कारागिरानं १९२७च्या सुमारास तोड काढली. ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्याचे शंकू गिटारीच्या पोटात बसवले. घोडीचा कंप शंकूत जातो आणि शंकू कर्ण्यासारखा घुमतो. ह्या गिटारींची धातूची अंगं बनवून देणारा होता ॲडॉल्फ रिकनबॅकर, मूळचा साचे आणि डाय बनवणारा. त्याच्याच कंपनीनं १९३२ साली विजेवर चालणारी गिटार बाजारात आणली. धंदा म्हणून बनलेली ही पहिली विजेची गिटार होती हवाईयनच, आणि सबंध ओतीव ॲल्युमिनिअमची. दिसायला लांब दांड्याच्या तव्यासारखी, म्हणून तिला 'फ्राइंग पॅन' हेच नाव पडलं. पण रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेनं धातू पसरे आणि सूर उतरे. हे ऐकल्यावर आमच्यातले जुने शीटमेटलवाले माना डोलावतात. ॲल्युमिनिअम तापलं की काय करतं, ते त्यांना सांगावं लागत नाही.

हत्यारांचे हात वाद्यांकडे वळावेत, हे आपल्या महाराष्ट्रालाही नवं नाही. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम ओसरलं, तसे ते तंबोरे-सतारींच्या दुरुस्तीकडे आणि मग घडणीकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतलं मूळ नाव. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथली एक गोष्ट गिटारवाल्यांनी शिकावी. तंबोऱ्याची जवारी काढायची, तर तो पुरुषाच्या गळ्यासाठी आहे की बाईच्या, जवारी खुली हवी की बंद, हे आधी ठरतं. कानस नंतर लागते. आधी ओळख, मग दुरुस्ती.

आता घरात जुनी गिटार असेल, तर काय करायचं?

पहिली गोष्ट, तिच्यावर किती ताण असतो ते समजून घ्या. पोलादी तारांची साधी गिटार सुरात लावली, की सहा तारा मिळून ७० ते ७५ किलोंचा ओढा देतात. म्हणजे गव्हाचं दीड पोतं त्या पातळ तबलीवर आणि दांडीवर रात्रंदिवस लटकलेलं. म्हणून वर्षानुवर्षांनी घोडीमागची तबली फुगते आणि दांडी धनुष्यासारखी वाकते. दांडीत पोलादी सळई घालून ती सरळ ठेवण्याची युक्ती गिब्सन कंपनीनं १९२०च्या दशकात आणली. पण जुन्या साध्या गिटारींत अशी सळई बहुधा नसते. गिटार महिनोन् महिने वाजणार नसेल, तर तारा थोड्या उतरवून ठेवा. सगळ्या काढून मात्र टाकू नका.

दुसरी गोष्ट हवा. लाकूड पावसाळ्यात पाणी पितं आणि उन्हाळ्यात सोडतं. नाशिककडचा कोरडा एप्रिल जुन्या तबलीला आडवा येतो, ती रेषेरेषेनं उकलते. माळा आणि पश्चिमेची भिंत ह्या दोन्ही जागा वाईट. गिटार पेटीत ठेवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, कडक उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या डबीत पिळलेला ओला स्पंज ठेवा. तबली उकललीच, तर घाबरू नका. आतून लाकडाच्या छोट्या टिकल्या चिकटवून ती सांधता येते. मात्र घरच्या घरी एपॉक्सी भरू नका. जुने कारागीर सरस वापरत. ऊब आणि ओल दिली, की सरस सुटतो आणि पुढच्या कारागिराला तो सांधा उघडता येतो. एपॉक्सीचा सांधा उघडताना लाकूडच सोबत निघतं.

तिसरी गोष्ट रंग. तो उडालेला असू दे. मनगट जिथे टेकायचं तिथलं पॉलिश गेलेलं असतं, तो वाजवणाऱ्याचा हात असतो. जुन्या वाद्यांच्या बाजारातही रंग बदललेल्या गिटारीची किंमत खूप खाली येते. सुती फडक्यानं पुसा, तेवढं पुरे.

आणि चौथी, माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट. वाद्याचं लॉगबुक करा. शंभर पानी वही पुरे. त्यात पहिल्या पानावर आतल्या चिठ्ठीचा मजकूर जसाच्या तसा उतरवा, तिचा फोटो काढून चिकटवा. किती तारा, कशा सुरात लावलेल्या, नटापासून घोडीपर्यंतचं अंतर किती, ते लिहा. वाद्य कुणी, कुठून, कुठल्या साली आणलं, कोण वाजवायचं, काय वाजवायचं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्या. यापुढे जी दुरुस्ती होईल तिची तारीख, वापरलेला सरस किंवा डिंक, बदललेला भाग, सारं नोंदा. आणि काढलेला जुना भाग टाकून न देता पाकिटात घालून, त्यावर चिठ्ठी लावून पेटीतच ठेवा. नुसती मोडलेली खुंटी असली तरी. उद्याच्या कारागिराला ती मापासाठी लागते.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारतं. माळ्यावरची प्रत्येक गिटार काही लाखमोलाची नसते. बहुतेक साध्याच असतात. पण त्या कुठून आल्या, कशा वाजत, हे माहीत असणारी माणसं एकेक करून जाताहेत. ती माहिती गेली, की सात खुंट्यांची गिटार ही नुसती बिघडलेली गिटार ठरते आणि उंच नटाची गिटार नुसती अवघड. मग कुणीतरी प्रेमानंच कानस घेऊन बसतं. मीही प्रेमानंच बसलो होतो.

मिग-२१ विमानं सप्टेंबर २०२५मध्ये हवाई दलातून निवृत्त झाली. अनेक गावांत ती चबुतऱ्यावर उभी आहेत. विमानाला ते शोभतं. वाद्याला चबुतरा चालत नाही, ते वाजतं राहिलं तरच जपलं गेलं म्हणायचं. त्या सूनबाईंच्या घरी आता वही आहे. पहिल्या पानावर मुलीच्या अक्षरात लिहिलंय, प सा ग प सा ग प.

दादाच्या गिटारीचंही थोडंफार सावरलं. घासलेल्या नटावर बसेल असा पितळेचा एक उंच नट मी घरी कानशीनं घडवला. तारा वर आल्या, कांडी पुन्हा घसरू लागली. रंग मात्र काढता आला नाही, आणि पूर्वीचा आवाज काही पुरता परतला नाही. तिच्याही लॉगबुकात मी नोंद केली आहे. दुरुस्तीच्या रकान्यात, "नट घासला, रंग दिला". आणि कारणाच्या रकान्यात, "माहीत करून घेतलं नव्हतं".